विहिरीतला विरोळा



आमचा सांगली जिल्हा नागाला मान देणारा. नागपंचमी म्हटली की बत्तीस शिराळ्याचं नाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी येतं. पण याच जिल्ह्यात, आमच्या कडेगावच्या शिवारात, एक बिनविषारी साप केवळ नागासारखा भासतो म्हणून काठीखाली मरतो. आज त्याच्याविषयी दोन शब्द.

त्याला विरोळा म्हणतात, कुणी पाणदिवड म्हणतं. पिवळसर अंगावर सोंगट्यांच्या पटासारखे काळे चौकोन आणि डोळ्यापासून खाली उतरणाऱ्या दोन काळ्या तिरक्या रेघा. १७९९ साली श्नायडर या जर्मन अभ्यासकानं त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात ‘पिस्केटर’ हा लॅटिन शब्द घातला. अर्थ मासेमार. मासे आणि बेडूक हेच त्याचं अन्न. विहीर, ओढा, तळं हेच त्याचं घर. मादी अंडी घालते ती मात्र काठावरच्या बिळांत. म्हणजे त्याला पाणी हवं, तसा मातीचा काठही हवा.

डिवचलं की तो मान चपटी करून डोकं उचलतो, चावायलाही कमी करत नाही. शत्रूला भिववण्याचं हे सोंग. इतरांपासून ते त्याला वाचवतं, माणसापुढं मात्र तेच त्याच्या जिवावर उठतं.

कडेगाव दुष्काळ सोसलेलं गाव. टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी आलं, शिवार हिरवं झालं, याचा आनंद मोठाच. पण पाणी वाढलं म्हणून विरोळ्याचं घर वाढलंच असं नाही. सिमेंटच्या कालव्याला मातीचा काठ नसतो. नळ आले तशा जुन्या विहिरी कचऱ्यानं बुजल्या. तळ्यात मासे धरायला लावलेल्या नायलॉनच्या जाळ्यात तोही गुदमरतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एक चाची पाणी शेंदताना साप दिसला की पोरांना दटावायच्या, “उसकू रैन दे रे, पानी उसका बी है.” वन्यजीव संरक्षण कायदा झाला १९७२ साली. चाचींना कायदा ठाऊक नव्हता, पण त्याचं सार त्यांच्या तोंडी होतं.

साप चावला आणि ओळख पक्की नसेल, तर मात्र तडक दवाखाना गाठावा. पण विहिरीत डोकं वर काढलेलं दिसलं, तर काठी शोधण्यापूर्वी दोन पावलं मागं सरा. तो आपणहून पाण्यात जाईल.