तुरुंगातली गर्दी आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई; तुरुंगाविषयी काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण माझ्या माहेरच्या शेजारणीचा मुलगा मारामारीच्या खटल्यात आत गेला. कोर्टाने जामीन मंजूर केला, तरी तो आणखी पाच महिने आतच राहिला. कारण सातबारा घेऊन जामीनदार म्हणून उभे राहायला कोणी तयार होईना. ती माउली आमच्याकडेही आली होती. "आपण कशाला त्यात पडायचे?" असे मीच घरात म्हणाले. ते शब्द अजून मनाला टोचतात.

तेव्हापासून मी या विषयावर वाचू लागले. सन २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत जागा होती ४,३६,२६६ जणांची आणि माणसे होती ५,७३,२२०. दर चारांपैकी तिघांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात अनेक वर्षे जागा होती ८०४ जणांची. तेथे त्याच्या कितीतरी पट माणसे ठेवली गेली आहेत.

मग नव्या बराकी बांधल्या की झाले का? रांजणात चार जणी पाणी ओतत असतील आणि तोटी बुजलेली असेल, तर दुसरा रांजणही भरून वाहणारच. पोलीस धरतात, तारखांवर तारखा पडतात, कैद्याला कोर्टात न्यायला शिपाई अपुरे पडतात, वकील परवडत नाही, जामीनदार मिळत नाही. एक गाठ बसली की सगळा दोरा अडतो. आणि शेवटची गाठ आपल्याच गावात असते.

कायद्याने काही गाठी सैल केल्या आहेत. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना व कोठडीतील माणसांना मोफत वकिलाचा हक्क दिला. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिन्यात हमी देता न आल्यास कोर्टाने अटी सैल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले. पण हे त्या आईला सांगणार कोण?

भगिनींनो, गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा व्हावीच. पण निकालाआधी गरिबीची शिक्षा नको. अशा घरची बाई हळदीकुंकवाला आली, तर तिला दूर बसवू नका. तिच्याबरोबर जालन्याला जा, अर्ज लिहून द्या. मी तेव्हा गेले नाही. पुढच्या वेळी मी जाईन. तुमच्यापैकी एकजण तरी माझ्याबरोबर यावी, एवढीच विनंती.