समान बक्षीस, असमान वाट

(नरसी नामदेव येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कयाधूच्या काठी, नामदेवरायांच्या गावात भरलेल्या शिबिरात टेनिसवर बोलणार असे मी म्हणताच आपल्यापैकी काही जण हसले. ते स्वाभाविक आहे. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीला काय भाव निघाला, हा आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. टेनिस हा जिमखान्यातला खेळ. परंतु मला दिलेला विषय ‘समान कामाला समान दाम’ हा आहे, आणि या मागणीचा लढा स्त्रियांच्या टेनिसमध्ये जितका उघडपणे लढला गेला तितका फार थोड्या क्षेत्रांत लढला गेला असेल. शेतातली मजुरी कोणी छापत नाही. बक्षिसांच्या रकमा मात्र छापून येतात, आणि त्यामुळे तेथे अन्याय मोजता येतो.

आरंभी हा खेळ सधनांचाच होता. मुंबईच्या लीला राव या संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव यांच्या कन्या. १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. त्यांचे कर्तृत्व निर्विवाद होय. पण त्या काळी हा खेळ हौशी म्हणवला जाई, विजेत्याला रोख बक्षीस नसे. म्हणजे ज्याच्या घरी पोटाची ददात नाही त्यानेच खेळावे, अशी ती व्यवस्था होती. ‘हौस’ या निरागस शब्दाआड एक वर्गभिंत उभी होती.

ही भिंत १९६८ साली काहीशी ढासळली. विम्बल्डन व्यावसायिक खेळाडूंना खुले झाले आणि रोख बक्षिसे आली. त्या वर्षी पुरुष विजेता रॉड लेव्हर याला २,००० पौंड मिळाले. स्त्री विजेती बिली जीन किंग हिला ७५०. एक भिंत पडली आणि तिच्यामागची दुसरी दिसू लागली. १९७० साली अमेरिकेतील एका मोठ्या स्पर्धेत पुरुषांचे पहिले बक्षीस १२,५०० डॉलर, तर स्त्रियांचे १,५०० डॉलर जाहीर झाले. आठपटीहून अधिक अंतर!

यावर त्या खेळाडूंनी काय केले, हे कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावे. त्यांनी विनंतीअर्ज केला नाही. १९७० च्या सप्टेंबरात ह्यूस्टन येथे नऊ जणींनी ‘वर्ल्ड टेनिस’ मासिकाच्या संपादिका ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी प्रत्येकी एका डॉलरचा करार केला आणि आपली स्वतंत्र स्पर्धा भरवली. अधिकृत संघटनेने निलंबनाचा बडगा उगारला, तरी त्या हटल्या नाहीत. १९७२ ची अमेरिकन खुली स्पर्धा जिंकल्यावर किंगला १०,००० डॉलर मिळाले, पुरुष विजेत्याला २५,०००. तेव्हा हे अंतर मिटले नाही तर पुढच्या वर्षी आपण येणार नाही, असे तिने बजावले. १९७३ च्या जूनमध्ये, विम्बल्डनच्या तोंडावर, लंडनच्या एका हॉटेलात दार बंद करून खेळाडूंची बैठक झाली आणि स्त्री टेनिसपटूंची संघटना जन्मास आली. त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेने बक्षिसे समान केली. विम्बल्डनला मात्र तेवढे शहाणपण यायला २००७ साल उजाडावे लागले.

समान बक्षिसाविरुद्ध तेव्हा कोणता युक्तिवाद केला जाई? पुरुष पाच सेट खेळतात, स्त्रिया तीनच. म्हणून दामही कमी. साथींनो, हा युक्तिवाद आपल्या बांधावरचाच नाही काय? गडी औत धरतो, बाई खुरपते. गड्याचे काम अंगमेहनतीचे, बाईचे हलके. म्हणून बाईचा रोज कमी. दिवसभर ओणव्याने खुरपणे, हळद शिजवणीच्या धगीपाशी उभे राहणे, हे हलके काम आहे असे ज्याला वाटते त्याने ते एक दिवस करून पाहावे. कामाची किंमत ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तोच कोणते काम हलके ते ठरवतो. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने खडी फोडणाऱ्या बाईला आणि गड्याला एकच दर लावला. सरकारी कामावर जे शक्य झाले, ते खाजगी बांधावर अशक्य कसे?

या लढ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या नऊ जणींच्या पहिल्या स्पर्धेला पैसा पुरवला तो एका सिगारेट कंपनीने. २०२५ साली खेळाडूंना बारा महिन्यांपर्यंत सवेतन प्रसूतिरजा मिळू लागली. ही अत्यंत न्याय्य गोष्ट, पण तिला पैसा आहे सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीचा. भांडवल न्यायाच्या बाजूने उभे राहते तेव्हाही आपला हिशेब विसरत नाही.

आणि समानता आली ती शिखरावर. २०२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत स्त्री व पुरुष विजेत्यांना प्रत्येकी ५० लाख डॉलर मिळाले. पायथ्याशी काय आहे? तेथे एका स्पर्धेची सर्व बक्षिसे मिळून रक्कम १५,००० डॉलर असते, आणि ती एकेरीच्या ३२ खेळाडूंत व दुहेरीच्या १६ जोड्यांत वाटली जाते. विमानाचे भाडे, मुक्काम, रॅकेटच्या तारा, प्रशिक्षक हा खर्च जिचा तिने करावा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्याच पाहणीनुसार २०१३ साली सुमारे १४,००० खेळाडू व्यावसायिक स्पर्धांत उतरले. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना एक डॉलरही मिळाला नाही. प्रशिक्षकाचा खर्च सोडूनही, जमाखर्चाची तोंडमिळवणी व्हायला स्त्री खेळाडूला जगात सुमारे २५३ वा क्रमांक गाठावा लागत होता.

हे आकडे समोर ठेवून बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेकडे पाहा. बार्शी हे आपल्या मराठवाड्याच्या वेशीवरचे तालुक्याचे गाव. तेथे जन्मलेल्या या मुलीने २०१४ साली इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सानिया मिर्झासह दुहेरीचे कांस्यपदक मिळवले आणि २०१६ साली ती रिओच्या ऑलिंपिकमध्ये खेळली. तेथे चिनी जोडीशी तीन सेटची झुंज देऊन ही जोडी पहिल्याच फेरीत हरली. वृत्तपत्रांनी या दोन घटना छापल्या. पण तिची कारकीर्द त्या दोन आठवड्यांची नव्हे. ती वर्षानुवर्षे छोट्या बक्षिसांच्या दुहेरी स्पर्धांत, एका देशातून दुसऱ्या देशात फिरण्यात घडली. पदक मिळाले की ते राष्ट्राचे होते. ते मिळेपर्यंतचा खर्च मात्र घराचा असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, जोखीम कुटुंबाची आणि गौरव सर्वांचा. ज्या घराला ही जोखीम पेलत नाही, त्या घरची मुलगी कोर्टापर्यंत येतच नाही, आणि तिचा पराभव कोठेही नोंदला जात नाही.

कोणी म्हणेल, पाणी नाही, पीकविमा नाही, आणि प्राध्यापकमहाशय टेनिस मागतात. मी टेनिस मागत नाही. प्रत्येक गावात मुलींना संध्याकाळी निर्भयपणे धावता येईल असे एक मैदान मागतो, आणि धावण्यासाठी दोन तास मोकळे मागतो. ते दोन तास आज पाणी भरण्यात, धाकट्या भावंडांना सांभाळण्यात जातात. खेळाची खरी पात्रता फेरी तेथे होते.

अखेरीस एक अप्रिय गोष्ट. उद्या आपण समान मजुरीचा ठराव मांडणार आहोत. तो एकमताने संमत होईल यात मला शंका नाही. पण हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे, की माझ्या शेतात बाईचा आणि गड्याचा रोज सारखा आहे काय? नसेल तर ठरावाचा पहिला अंमल आपल्या बांधावर, या हंगामातल्या हळद काढणीपासून व्हावा. आणि बायांनी आपल्या कृपेची वाट पाहू नये. त्या नऊ जणींनी एका डॉलरवर सही केली, ती एकटीने नव्हे. खुरपणीच्या टोळ्यांनी एकत्र बसून आपला दर ठरवावा. कार्यकर्त्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, पुढे नव्हे.

नामदेवांच्या घरी दळणारी जनी आज आपण संत म्हणून पूजतो. तिच्या जात्याला हात जोडणे सोपे आहे. जाते ओढणाऱ्या हाताला त्याचा पुरता दाम देणे, हे आपल्यासमोरचे काम आहे.