सदाफुलीचे पान
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी म्हटले, मी सातवी शिकलेली बाई, मी काय सांगणार! त्या म्हणाल्या, सदाफुलीविषयी सांगा. तेव्हा तेवढेच सांगते.

सदाफुली आपल्या दारोदारी आहे. ती मूळची मादागास्कर बेटावरची, हे सांगूनही खरे वाटत नाही. मधुमेहावर तिची पाने चावणारी माणसे आपल्या आळीत आहेत, तशी ती दूरच्या जमैका बेटावरही होती. १९५२ साली तेथून काही पाने कॅनडातील डॉक्टर क्लार्क नोबल यांच्याकडे लिफाफ्यातून आली. त्यांनी ती आपले संशोधक बंधू रॉबर्ट नोबल यांना दिली. अर्क उंदरांना पाजला, तर साखर काही उतरेना. टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले! दुसऱ्या कोणी पाने उकिरड्यावर टाकली असती. यांनी रक्त तपासले, तो पांढऱ्या पेशी फार घटलेल्या. रक्ताच्या कर्करोगात ह्याच पेशी बेसुमार वाढतात, तेव्हा तेथे हे उपयोगी पडेल असे त्यांच्या ध्यानी आले. १९५८ पर्यंत चार्ल्स बिअर या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यातले द्रव्य वेगळे निघाले, ते विनब्लास्टिन. त्याचेच भावंड विंक्रिस्टिन. ते अमेरिकेत १९६३ पासून वापरात आले.

हे दुसरे नाव मी ऐकले ते माझ्या धाकट्या जावेच्या मुलाला ब्लड कॅन्सर झाला तेव्हा. आठवड्यातून एकदा, अगदी मोजून, शिरेतून देत. शिरेबाहेर सांडले तर आतले मांस जळते, असे नर्सबाई सांगत. पोराची बोटे इतकी बधिर झाली की सदऱ्याची बटणे लावता येईनात. आज तो कॉलेजात जातो. मात्र एकट्या ह्या औषधाने नव्हे हो, जोडीला आणखीही औषधे होती.

आता हिशेब आपण बायकांनीच करावा. एक ग्रॅम विनब्लास्टिन काढावयास सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. मग सकाळच्या चार पानांत किती येणार? शिवाय त्या पानात दुसरीही कितीतरी तीव्र द्रव्ये आहेत, ती काही निवडून बाजूला होत नाहीत. म्हणजे रोग जाण्यापुरते औषध नाही, आणि पोटात नको ते मात्र जाते.

आपल्यातल्याच एका वहिनींना स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून मोबाईलवर आलेला निरोप वाचून पाच महिने ह्याच पानांचा काढा घेतला. अशी गाठ सुरुवातीस बहुधा दुखतच नाही. इस्पितळात गेल्या तोवर काखेतही गाठी आल्या होत्या. उपचार चालू आहेत, आणि हे येथे सांगा असे त्यांनीच मला सांगितले.

मंगळवारी मी त्यांच्यासोबत जाणार आहे. कोणाला काही दाखवावयाचे असेल तर सकाळी आठला माझ्याकडे या. घरी काय सांगावयाचे ते आपण वाटेत ठरवू.