कौल कोणाचा, आणि कोणत्या रेषेच्या आतला?



२८ एप्रिल १९१६ रोजी याच बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. बॅरिस्टर बॅप्टिस्टा अध्यक्ष, तात्यासाहेब केळकर चिटणीस. नाव आयर्लंडकडून घेतलेले, चळवळीचा सनदशीर घाटही बराचसा तिथलाच. आणि नेमक्या त्याच दिवशी डब्लिनमध्ये काय चालले होते? चार दिवसांपूर्वी, ईस्टरच्या सोमवारी, बंडवाल्यांनी तिथले जनरल पोस्ट ऑफिस ताब्यात घेतले होते. २८ तारखेला तोफांच्या माऱ्याने ती इमारत पेटली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दुसऱ्या दिवशी शरणागती. आपण होमरूल हा शब्द उचलत होतो त्याच आठवड्यात आयर्लंड तो खाली ठेवत होते.

आजचा विषय मात्र त्या बंडानंतरचा आहे. आयर्लंडचे एकीकरण, ब्रिटनचे सार्वभौमत्व आणि एखाद्या प्रदेशाचा स्वयंनिर्णयाचा हक्क. या विषयावर बोलताना लोक बहुधा ‘लोकांना ठरवू द्या’ एवढे म्हणून मोकळे होतात. माझे म्हणणे असे की भांडण तिथे नसतेच. लोकांनी ठरवावे हे आज सगळेच कबूल करतात. भांडण असते ते ‘लोक’ म्हणजे कुठून कुठपर्यंतचे, यावर. आणि ती रेषा ज्याने आखली त्याने निकाल बहुतेक वेळा आधीच लावलेला असतो.

आकडेच पाहू. डिसेंबर १९१८ची निवडणूक. आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने जिंकल्या. संपूर्ण बेट हा घटक धरला तर कौल स्पष्ट होता. पण ईशान्येला अल्स्टर प्रांत. सतराव्या शतकात स्कॉटलंड-इंग्लंडमधून आणून वसवलेल्या प्रोटेस्टंटांचे वंशज तिथे मोठ्या संख्येने. त्यांना डब्लिनचे राज्य नको होते. २८ सप्टेंबर १९१२ला त्यांनी होमरूलविरुद्ध प्रतिज्ञापत्र काढले; त्यावर आणि स्त्रियांच्या वेगळ्या पत्रावर मिळून पावणेपाच लाखांच्या आसपास सह्या झाल्या. मग अल्स्टर हा घटक धरा म्हणावे, तर अल्स्टरच्या काउंट्या नऊ, आणि १९११च्या खानेसुमारीनुसार नवांत कॅथलिक जवळपास ४४ टक्के. प्रोटेस्टंटांचे बहुमत होते, पण काठावरचे. म्हणून युनियनवाद्यांच्या, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्यांच्या, पुढाऱ्यांनी हिशेब मांडला आणि सहाच काउंट्या मागितल्या. सहांत कॅथलिक ३४ टक्क्यांवर येतात. १९२०च्या कायद्याने त्या सहा काउंट्यांचे ‘उत्तर आयर्लंड’ झाले.

उरलेल्या तिघींचे काय? डोनेगल, कॅव्हन, मोनाघन. तिथे सत्तरएक हजार प्रोटेस्टंट. त्यांच्यातल्या अनेकांनीही त्याच प्रतिज्ञेवर इमानाने सह्या केल्या होत्या. त्यांना त्यांच्याच नेत्यांनी वाऱ्यावर सोडले. राष्ट्रवाद्यांचा विश्वासघात झाला हे आयर्लंडमध्ये सारखे ऐकू येते, आणि ते खरेही आहे. पण फाळणीचा पहिला विश्वासघात युनियनवाद्यांनी युनियनवाद्यांचा केला, याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

आता सहा काउंट्यांच्या आत या. फरमॅना आणि टिरोन या दोन काउंट्यांत कॅथलिकांचे बहुमत. बेट धरले तर एकीकरण, सहा धरल्या तर ब्रिटन, फरमॅना धरली तर पुन्हा एकीकरण, फरमॅनातला एखादा तालुका धरला तर पुन्हा ब्रिटन. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, बहुमत, लोकेच्छा, या शब्दांचा अर्थ बेळगावच्या श्रोत्यांना पुण्याहून येऊन मी सांगावा असे नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा महाजन आयोगाचा अहवाल तुम्ही माझ्यापेक्षा बारकाईने वाचला आहे. तेव्हा आयर्लंडच्या सीमा आयोगाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

ब्रिटन आणि आयरिश पुढारी यांच्या डिसेंबर १९२१च्या करारात बारावे कलम होते. उत्तर आयर्लंड नव्या आयरिश राज्याबाहेर राहायचे म्हणत असेल तर सीमा ठरवायला तीन माणसांचा आयोग. कसोटी कोणती? रहिवाशांची इच्छा. पण पुढे शेपूट होते: आर्थिक आणि भौगोलिक परिस्थितीशी जुळेल तेवढीच. मायकेल कॉलिन्ससारख्या वाटाघाटी करणाऱ्यांनी पहिला भाग वाचला. फरमॅना, टिरोन येणार, उरलेले उत्तर आयर्लंड इतके लहान होईल की टिकणार नाही, असे त्यांना वाटले. अध्यक्ष झाले दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती रिचर्ड फीटम. त्यांनी शेपूट वाचले.

डब्लिनतर्फे ओइन मॅकनील, पेशाने इतिहासकार, मूळचे उत्तरेतल्या अँट्रिमचे. १९१६मध्ये बंडाचा हुकूम ऐन वेळी मागे घेणारे स्वयंसेवक दलाचे प्रमुख ते हेच. बेलफास्टने प्रतिनिधी द्यायला साफ नकार दिला, म्हणून लंडनने तिकडच्याच एका युनियनवादी पत्रकाराला, जे. आर. फिशर यांना, नेमले.

फीटमांचा युक्तिवाद वकिली आणि चोख होता. कलमात सार्वमताची तरतूद नाही, म्हणून सार्वमत नाही. लोकेच्छा कशावरून ओळखायची? १९११च्या खानेसुमारीतल्या धर्माच्या रकान्यावरून. उत्तर आयर्लंड हे उत्तर आयर्लंड म्हणून ओळखू येईल एवढे शिल्लक राहिलेच पाहिजे, म्हणजे अख्ख्या काउंट्या हलवता येणार नाहीत. आणि इच्छा व अर्थकारण यांचे जमले नाही तर वरचष्मा अर्थकारणाचा. न्यूरी शहरात कॅथलिकांचे बहुमत स्पष्ट होते. पण न्यूरीचा व्यापार बेलफास्टशी बांधलेला, आणि त्या भागातल्या मोर्न डोंगरांतून बेलफास्टला पिण्याचे पाणी जायचे. न्यूरी राहिली उत्तरेत. लोकांचा कौल आणि धरणाचे पाणी एकाच तागडीत घातले की काय होते, ते न्यूरीत दिसले.

शेवटी निघाले काय? सुमारे ३१ हजार माणसे दक्षिणेला, साडेसात हजारांच्या आसपास उत्तरेला. उत्तरेला जाणार होता डोनेगलच्या पूर्वेचा तुकडा! दक्षिणेला मिळण्याच्या गोष्टी चालल्या असताना उलट द्यावेच लागणार, हे ७ नोव्हेंबर १९२५च्या ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये नकाशासकट फुटले. मॅकनील यांनी राजीनामा दिला. ३ डिसेंबरला तिन्ही सरकारांनी बसून ठरवले की सीमा आहे तिथेच राहू द्यावी आणि अहवाल गुंडाळावा. डब्लिनला बदल्यात काय मिळाले? ब्रिटनच्या सार्वजनिक कर्जातला वाटा माफ झाला. अहवाल छापून आला १९६९मध्ये, तोवर ज्यांच्या गावांबद्दल तो होता त्यातले निम्मेअधिक देवाघरी गेले असतील.

त्यामुळे आज जी सीमा आहे ती कोणी सीमा म्हणून आखलेलीच नाही. काउंट्यांच्या जुन्या हद्दी त्या. ओढा, बांध, कुठे एखाद्याच्या शेताचा कोपरा. क्लोन्सहून कॅव्हनला जाणारा रस्ता धरा. दोन्ही गावे प्रजासत्ताकात, पण वाटेत रस्ता फरमॅनात शिरतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो. काही मैलांत चार वेळा सीमा ओलांडायची. १ एप्रिल १९२३पासून इथे जकात लागू झाली. आज तिथे चौकी नाही, फाटक नाही. मैलांचे फलक किलोमीटरचे झाले की समजायचे, राज्य बदलले.

मधल्या पन्नास वर्षांचा इतिहास मी झटकन ओलांडतो. १९४९च्या कायद्यात ब्रिटिश संसदेने म्हटले की उत्तर आयर्लंडच्या संसदेच्या संमतीवाचून तो प्रदेश ब्रिटनबाहेर जाणार नाही. ज्या संसदेत युनियनवाद्यांचे कायमचे बहुमत, तिचीच संमती. १९७३मध्ये संसदेच्या जागी जनता आली आणि ८ मार्चला सार्वमत झाले: ९८.९ टक्के ब्रिटनच्या बाजूने. मतदान ५८.७ टक्के, कारण राष्ट्रवाद्यांनी बहिष्कार टाकला होता. त्याच दिवशी लंडनमध्ये आयआरए या सशस्त्र संघटनेचे बॉम्ब फुटले. सगळ्यांना आधीच माहीत असलेला निकाल मोजण्यापलीकडे त्या सार्वमताने काही साधले नाही.

खरा बदल १० एप्रिल १९९८च्या बेलफास्ट कराराने झाला. स्वयंनिर्णयाचा हक्क आयर्लंड बेटाच्या जनतेचा, आणि फक्त तिचा, हे ब्रिटनने मान्य केले. राष्ट्रवाद्यांची शंभर वर्षांची मागणी शब्दशः मान्य! पण तो हक्क वापरायचा कसा, तर दोन्ही भागांच्या वेगवेगळ्या संमतीने. म्हणजे सहा काउंट्यांचा घटक, ज्याला राष्ट्रवादी कृत्रिम म्हणत आले, तोही त्यांनी स्वीकारला. हक्क बेटाचा, किल्ली सहा काउंट्यांची. उत्तरेत ७१ टक्के लोकांनी होकार दिला, दक्षिणेत ९४ टक्क्यांनी, आणि डब्लिनने संपूर्ण बेटावरचा घटनात्मक दावा मागे घेतला. घटक कोणता यावर दोन्ही बाजूंनी एकदाची सही केली, हे या कराराचे सगळ्यांत मोठे यश असे मी मानतो. शस्त्रे खाली ठेवणे त्यामागोमाग आले.

आता सार्वभौमत्व. ब्रिटिश संसदेच्या अमर्याद सार्वभौमत्वाचे भाष्यकार म्हणजे डायसी. आपल्याकडे कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून ते वाचावे लागतात. हे डायसी होमरूलचे कट्टर विरोधक होते. संसद होमरूल मंजूर करील असे दिसू लागले तेव्हा या सार्वभौमत्वाच्या पुजाऱ्याने सार्वमताची कल्पना पुढे केली, संसदेला अडवायला! आयर्लंडचा प्रश्न आला की सिद्धांत वाकतो, ही परंपरा तेव्हापासूनची.

१९९८च्या कायद्याचे पहिलेच कलम सांगते की उत्तर आयर्लंडच्या बहुमताने एकीकरणाला कौल दिला तर ते घडवून आणण्याचे प्रस्ताव सरकारने संसदेपुढे ठेवावेत. आपल्या भूभागाचा एक तुकडा मताने बाहेर जाऊ शकतो, हे कायद्यातच लिहून ठेवणारी राज्ये जगात थोडी. उलट स्कॉटलंडच्या संसदेला स्वतःहून सार्वमत घेता येत नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये सांगितले. एकाच राज्यात दोन मापे. उत्तर आयर्लंडमागे शेजारच्या राज्याशी झालेला करार आहे, हे कायद्याचे उत्तर झाले. पण त्या कराराआधी साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली होती, आणि एकही गोळी न झाडणाऱ्या एडिंबरोच्या तरुणाने यातून काय धडा घ्यायचा, हे मला लंडनमधल्या कोणी अजून समजावून सांगितलेले नाही.

शिवाय किल्लीलाही एक कुलूप आहे. सार्वमत कधी घ्यायचे? एकीकरणाच्या बाजूने बहुमत होण्याचा संभव उत्तर आयर्लंडचे खाते सांभाळणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याला दिसेल तेव्हा घेतलेच पाहिजे. मंत्र्याला कशावरून दिसावे? मतचाचण्या, निवडणुका, खानेसुमारी? कायदा गप्प आहे. निकष जाहीर करा म्हणून लोक कोर्टात गेले. कोर्टानेही मंत्र्याला बांधून घातले नाही. म्हणजे घटक ठरला, पण दिवस ठरवणारा माणूस लंडनचा, आणि उत्तर आयर्लंडमध्ये त्याला कोणी निवडून दिलेले नसते.

गोव्याचे उदाहरण इथे आठवणे साहजिक आहे. १९६७ साली १६ जानेवारीला जनमत कौल झाला. विधानसभेत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे बहुमत होते, निर्णय तिथेच झाला असता तर महाराष्ट्रात विलीनीकरण झाले असते. विरोधकांनी हट्ट धरला, विधानसभा नव्हे, मतदार ठरवतील. विलीनीकरणाविरुद्धच्या दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या फुलाला १,३८,१७०. मुंबईतल्या गोवेकरांना मत नव्हते. विलीनीकरणवाद्यांपैकी अनेकांना तो निकाल आयुष्यभर झोंबला, पण त्यावरून कोणी बंदूक उचलली नाही. चौतीस हजारांचा फरक पुरेसा ठरला.

उत्तर आयर्लंडमध्ये पुरेसा फरक म्हणजे किती? करार म्हणतो साधे बहुमत. शेमस मॅलन, राष्ट्रवाद्यांचेच नेमस्त पुढारी, १९९८नंतरचे पहिले उपमुख्यमंत्री, त्यांनी म्हातारपणी सुचवले की दोन्ही समाजांची समांतर संमती असावी. हेतू थोर होता, पण मला ते पटत नाही. अर्ध्याहून एक मत जास्त, या नियमावर युनियनवाद्यांनी शंभर वर्षे ब्रिटन राखले. पारडे कलू लागल्यावर नियम बदलायचा तर राष्ट्रवाद्यांनी बेलफास्ट करारावर सही कशासाठी केली?

आणि पारडे कलते आहे. २०२१च्या खानेसुमारीत कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७ टक्के, प्रोटेस्टंट पार्श्वभूमीचे ४३.५. प्रोटेस्टंट बहुमतासाठी मोजून मापून आखलेल्या सहा काउंट्यांत! २०१६मध्ये युरोपात राहण्याच्या बाजूने उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मत दिले आणि तरी बाहेर जावे लागले. फेब्रुवारी २०२४मध्ये शिन फेनच्या मिशेल ओनील फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे मुख्यमंत्री, झाल्या. पण खानेसुमारीच्या रकान्यावरून इच्छा ओळखण्याची फीटमांची चूक आपण करू नये. कॅथलिक घरात जन्मलेले कितीतरी जण, आजारपणात ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा हवी म्हणून कुंपणावर आहेत. दोन्ही गटांत न बसणाऱ्या अलायन्स पक्षाने २०२२मध्ये नव्वदपैकी १७ जागा घेतल्या. निकाल लागेल तो या लोकांच्या मतांवर, आणि त्यांना ध्वजापेक्षा दवाखान्याची काळजी जास्त आहे.

करारातले आणखी एक कलम यासाठी वाचून ठेवण्यासारखे आहे. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा आणि दोन्ही नागरिकत्वे बाळगण्याचा हक्क. सार्वभौमत्व बदलले तरी तो कायम. १९९८मध्ये हे कलम राष्ट्रवाद्यांच्या समाधानासाठी आहे असे वाटले. उद्या राज्य डब्लिनचे झाले तर बेलफास्टचा प्रोटेस्टंट याच कलमावर बोट ठेवील. मग तो आजच त्याबद्दल डब्लिनशी बोलून का घेत नाही? कारण बोलणे म्हणजे अर्धे कबूल करणे, अशी त्याच्या पुढाऱ्यांची समजूत आहे.

एक जण बोलला. पीटर रॉबिन्सन, डीयूपी या युनियनवादी पक्षाचे माजी नेते आणि माजी फर्स्ट मिनिस्टर, जुलै २०१८मध्ये ग्लेंटीजला गेले. तिथे दर उन्हाळ्यात व्याख्याने होतात, आपल्या या मालेसारखी. ग्लेंटीज डोनेगलमध्ये, म्हणजे १९२०ला मोजणीतून वगळलेल्या अल्स्टरात. रॉबिन्सन म्हणाले की एकीकरण होईल असे मला वाटत नाही, पण घर जळेल असे वाटत नसले तरी आपण विमा काढतोच. कौल विरुद्ध गेला तर तो मानावा लागेल आणि त्याची तयारी हवी. त्यांच्याच पक्षातून त्यांच्यावर टीकेची झोड उठली.