कालवडींसाठी बार्लीचा चोथा



बिअरच्या कारखान्यातून निघणारा बार्लीचा ओला चोथा कालवडीला घालावा का? घालावा, पण हिशेबाने.

आधी एक भीती काढून टाकू. या चोथ्यात दारू नसते. मोड आणलेली बार्ली भरडून गरम पाण्यात तिचा गोड अर्क काढतात आणि चोथा तिथेच बाजूला होतो. आंबवण्याचे काम पुढे, नुसत्या अर्काचे. साखर कारखान्याची मळी ही वस्तूच वेगळी. मळीत साखर, तर चोथ्यात प्रथिने; वाळल्या वजनावर सुमारे 25 टक्के.

आता पैशाचे. ओल्या चोथ्यात 75 ते 80 टक्के पाणीच असते. समजा, गोठ्यात पोचेपर्यंत तो किलोला 6 रुपये पडला, तर 1 किलो कोरडा माल 24 ते 30 रुपयांना पडला. वाळूजच्या बिअर कारखान्यांतून साताऱ्याला आणायचा म्हणजे सुमारे 300 किलोमीटर पाण्याचेच भाडे! सरकी पेंडीशी भाव ताडून मगच गाडी बोलवा.

आपल्या भागातली खरी अडचण मात्र उसाच्या वाढ्यांची आहे. वाढ्यातले ऑक्झलेट अंगातला चुना बांधून ठेवते. चोथ्यातही चुना कमी आणि स्फुरद जास्त. वाढे आणि चोथा, एवढ्यावरच कालवड ठेवली तर अंगावर तुकतुकी दिसेल, हाडे मात्र कच्ची राहतील. पुढे गाभण राहिली, व्याली, की ती उणीव बाहेर येते. म्हणून रोज 25 ते 30 ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका. कडबा आणि जमेल तितका लसूणघास द्या. लसूणघासात चुना भरपूर असतो.

200 किलोच्या कालवडीला दिवसाला 4 किलो ओला चोथा पुरे. अर्ध्या किलोपासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत तिथवर न्या. चार महिन्यांच्या आतल्या वासराला अजिबात नको. त्याचे पोट अजून रवंथाला तयार झालेले नसते.

उन्हाळ्यात उघडा ढीग दोन-तीन दिवसांत बिघडतो. लहान गोठेवाल्यांनी एक गाडी वाटून घ्यावी, नाहीतर आल्या दिवशीच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत दाबून, हवा काढून तोंड बांधावे. बुरशी धरलेला माल धुऊन, वाळवूनही घालू नका. बुरशीचे विष धुण्याने जात नाही. तो खड्ड्यात पुरा. गव्हाणीतले उष्टेही रोज संध्याकाळी काढून टाकत चला.