दास्यमुक्तीचा वारसा आणि महाविद्यालयाचे अंगण

(दास्यनिर्मूलन दिनानिमित्त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



२ डिसेंबर हा दिवस जगभर आंतरराष्ट्रीय दास्यनिर्मूलन दिन म्हणून पाळला जातो. गुलामगिरी ही केवळ दूरदेशीची कथा नव्हे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या इतिहासाशी तिचे निकटचे नाते आहे.

निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर हा मूळचा हबशी गुलाम. इथिओपियातून विकला गेलेला हा मुलगा अनेक हातांतून फिरत दख्खनमध्ये आला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर त्याने निजामशाही सावरून धरली, जमीनमहसुलाची घडी बसविली आणि १६२४ मध्ये नगरजवळील भातवडीच्या रणांगणावर मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेला धूळ चारली. परंतु त्याच्या कर्तृत्वाने गुलामगिरीचे समर्थन होत नाही. एका अंबराचे नाव इतिहासात राहिले; ज्यांना संधीच लाभली नाही, त्यांची नावेही उरली नाहीत.

१८४३ च्या पाचव्या अधिनियमाने गुलामावरील मालकीला हिंदुस्थानातील न्यायालयांचा आधार उरला नाही. १८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी संपुष्टात आली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ ते कार्य करणाऱ्या अमेरिकन जनतेस अर्पण केला. विद्येपासून वंचित ठेवणे हेही दास्यच, हे त्यांनी ओळखले होते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते नगर येथे, मिस फरार यांच्या संस्थेत. नगरलाच १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ने पुढे १८५५ मध्ये, फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. ज्यांना अक्षर नाकारले गेले होते, त्यांचा आवाज अक्षरांतूनच उमटला.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद २३ अन्वये वेठबिगारीस मनाई केली. १९७६ मध्ये वेठबिगार पद्धती नष्ट करणारा स्वतंत्र कायदाही झाला.

तथापि, कायदा महाविद्यालयाचे दार उघडतो. आतील बाक मोकळा करून देणे सहाध्यायांच्याच हाती असते. पाथर्डी-शेवगावकडील अनेक कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि हंगामात मुलांची शाळा तुटते. अशा घरातून शिकून आलेला पहिलाच विद्यार्थी वर्गात मागे पडला, तर तो बुद्धीचा दोष मानावयाचा काय? आडनावावरून जात विचारणे, बोलीची थट्टा करणे, वसतिगृहात ताट वेगळे मांडणे, यांतून जुनेच दास्य नव्या वेषात परत येते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. तेथे मुले एकत्र राबली, एकत्र जेवली आणि एकत्र शिकली. तो धडा आजही जुना झालेला नाही. आपली वही दुसऱ्यापुढे सरकविणे, पंगतीत शेजारी जागा करून देणे, एवढ्या साध्या कृतीपासून त्याचा आरंभ होतो. दास्यमुक्तीचे खरे स्मरण तेच होय.