रुग्णाच्याच पेशींतून रोगाचा शोध

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यान)



यकृताला विकार झाला तर त्याचा सूक्ष्म तुकडा काढून तपासता येतो; जिवंत रुग्णाच्या मेंदूचा तसा तुकडा सहसा काढता येत नाही. म्हणून मज्जासंस्थेच्या रोगांचा अभ्यास दीर्घकाळ मृतांच्या मेंदूवर आणि मुक्या प्राण्यांवर अवलंबून राहिला. परंतु मृत्यूनंतर दिसतो तो रोगाचा शेवट. आरंभ हाती लागत नाही.

ही कोंडी क्योटो विद्यापीठातील शिन्या यामानाका यांनी फोडली. त्यांनी २००६ मध्ये उंदराच्या व २००७ मध्ये मानवाच्या त्वचेतील पेशींत चार जनुके घालून त्यांना मूलपेशींचे, म्हणजेच स्टेम सेलचे, रूप दिले. या मूलपेशींपासून चेतापेशीही घडविता येतात आणि त्यासाठी भ्रूण लागत नाही. या कार्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळाले.

२००८ मध्ये हार्वर्ड व कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांनी ए.एल.एस. या स्नायू दुर्बळ करणाऱ्या रोगाने ग्रस्त ८२ वर्षांच्या वृद्धेच्या त्वचेपासून चेतापेशी निर्माण केल्या. पुढे अशा पेशी अतिउत्तेजित असतात आणि अपस्मारावरील रेटिगाबिन हे औषध त्यांना शांत करते, असे आढळले. ६५ रुग्णांवरील चाचणीत तोच परिणाम दिसल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग थांबतो हे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही. काचेच्या बशीतील पेशी म्हणजे संपूर्ण मेंदू नव्हे, आणि नव्याने घडविताना तिच्यावरील वार्धक्याच्या खुणाही बहुतांशी पुसल्या जातात.

आपल्या देशातही बंगळूरच्या निम्हान्ससह काही संस्थांनी मनोविकार असलेल्या कुटुंबांतील व्यक्तींच्या पेशींवर असा अभ्यास हाती घेतला आहे. २०२३ मध्ये औषध-चाचणीच्या भारतीय नियमांत प्राण्यांविना होणाऱ्या अशा पद्धतींना स्थान मिळाले. अहिंसेचा विचार करणाऱ्यांना ही वार्ता समाधान देणारी आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. रोग समजून घेण्यासाठी पेशी घडविणे वेगळे आणि त्या रुग्णाला टोचणे वेगळे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेंदूच्या विकारांवर मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. कोणी लाखो रुपये मागून खात्री देऊ लागला, तर चाचणीची नोंदणी विचारावी आणि मगच निर्णय घ्यावा. दुःखी कुटुंबाची आशा ही कोणाच्या व्यापाराची वस्तू होऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.